ई-स्कूटरची नोंदणी माफ, मग कोटेशनमधले ६,८०० कसले?

रानजाई · सोमवार, रात्री ९:४०

बाबांसाठी विजेवरची स्कूटर घ्यायचं ठरलंय. बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. इथेच बुक करावी आणि एखाद्या रविवारी चालवत घेऊन जावी असा बेत आहे (खंबाटकी चढताना बॅटरीने मान टाकू नये, एवढीच प्रार्थना).

शोरूमचं कोटेशन आलं. एक्स-शोरूम किंमत, विमा, आणि खाली एकच ओळ: "आरटीओ व इतर – ६,८००/-". मी म्हटलं, अहो, इलेक्ट्रिकला टॅक्स नाही ना? तर म्हणे, "टॅक्स नाहीच मॅडम, हे रजिस्ट्रेशनचे." रजिस्ट्रेशनची फीसुद्धा माफ आहे असं वाचलंय म्हटल्यावर उत्तर आलं, "ते आरटीओचं वेगळं असतं." वेगळं म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नसावं.

तर जाणकारांनो, या ६,८०० पैकी सरकारात जाणारे किती? दुसरं, बाबांना एमएच ११ च हवाय. "पुण्याची पाटी लावून मी राजवाड्यावर भाजी आणायला जाणार नाही" हे त्यांचे शब्द. शोरूम म्हणतं पुण्यात घेतली की एमएच १२ च. खरं का? आणि हिरवी पाटी आपोआप येते की मागावी लागते?

पेट्रोलपंप · सोमवार, रात्री ९:५२

नोंदणीचं नंतर बघू. आधी बाबा दुसऱ्या मजल्यावर राहतात का तळमजल्यावर, ते सांगा. खिडकीतून वायर सोडलेल्या स्कूटरी बघून बघून कंटाळलोय. बाकी धागा शंभरी गाठणार, मी बसलो शेंगदाणे घेऊन.

रानजाई · सोमवार, रात्री ९:५५

तळमजला, स्वतःचं अंगण, अंगणात प्लग. आता शेंगदाणे खा निवांत.

कागदीघोडा · सोमवार, रात्री ११:१०

रानजाई, मी परिवहन खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, पाल्हाळ वाटलं तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे कर. महाराष्ट्रात विजेवरच्या गाडीला मोटार वाहन कर माफ आहे. जुलै २०२१ च्या धोरणात माफी होती, त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. मग २०२५ चं नवं धोरण आलं, ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. पेट्रोलची स्कूटर घेतली असतीत तर किमतीच्या १० टक्क्यांच्या वर कर भरावा लागला असता. ही बचत खरी आहे, आणि शोरूमवाल्यांचा डोळा याच बचतीवर असतो. गिऱ्हाईक मनात म्हणतं, बारा-तेरा हजार वाचले, सहा-सात गेले तर गेले.

दुसरी नोंदणी फी. केंद्राने २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांना तीन गोष्टींची फी माफ केली: नोंदणी प्रमाणपत्र देणं, त्याचं नूतनीकरण आणि नवा नोंदणी क्रमांक देणं. आता गंमत बघा. दुचाकीची ही फी मुळातच ३०० रुपये आहे. मोटारीची ६००. म्हणजे माफी नसती तरी सरकारात ३०० गेले असते. सहा हजार आठशे नव्हेत.

मग लागतं काय? आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, स्मार्ट कार्डाचे २०० आणि वर टपालखर्च. गाडी कर्जावर असेल तर बँकेचा बोजा चढवायची फी, दुचाकीला ५०० आणि मोटारीला १,५००. ही माफ नाही. पसंतीचा क्रमांक हवा असेल तर त्याची फी, तीही माफ नाही. पाटीचं म्हणाल तर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा पाटी उत्पादकानेच गाडीबरोबर द्यायची आहे. बाबा रोखीने घेत असतील तर तुमचा सरकारी खर्च तीनशेच्या आसपास. उरलेले "व इतर".

"हॅन्डलिंग चार्जेस" नावाचा प्रकार मोटार वाहन कायद्यात मी तरी कधी वाचला नाही. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा, हे आता कायद्याने त्याचं काम आहे (कलम ४१). नोंदणी क्रमांक लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. गाडी आरटीओत दाखवायलाही न्यावी लागत नाही. पूर्वी निरीक्षक चॅसीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून नंबर उठवायचे, ते दिवस गेले. शोरूममध्ये बसून 'वाहन' पोर्टलवर नमुना २० भरायचा, विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, कंपनीचा नमुना २२, विमा, आधार, पत्त्याचा पुरावा चढवायचा, झालं. यात हाताळणी ती कसली?

एकच करा. तोंडाने भांडू नका. त्या एका ओळीची फोड लेखी मागा आणि प्रत्येक रकमेची पावती मिळेल का विचारा.

एमएच ११ बद्दल उद्या लिहितो, औषधाची वेळ झाली.

नाशिकचा_भाऊ · सोमवार, रात्री ११:३१

घोडाकाका, दंडवत घ्या.

माझी चूक सांगतो, निदान दुसरा कोणी तरी वाचेल. काही वर्षांपूर्वी मुलीच्या क्लाससाठी "नो आरटीओ, नो लायसन्स" वाली स्कूटर घेतली. अशा गाडीचा नियम असा की मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. तरच ती कायद्याच्या भाषेत मोटार वाहन नाही, आणि नोंदणी लागत नाही. दुकानदाराने वर कौतुकाने सांगितलं, "भाऊ, ही वायर काढली का पंचेचाळीस पळते." आम्ही खूश. फुकटात दुप्पट वेग!

२०२२ मध्ये परिवहन खात्याने अशा गाड्या धरायची मोहीम काढली, तेव्हा कळलं ती वायर काढली म्हणजे काय झालं. वेग वाढला की सवलत संपली. गाडी मोटार वाहन झाली, मग नोंदणी नाही, विमा नाही, पोरीकडे लायसन्स नाही, तिन्ही कलमं एकदम. माझी गाडी पकडली गेली नाही, पण शेजाऱ्याची गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. दंड भरता येतो हो. पण त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर विमा कंपनी दारातसुद्धा उभं करणार नाही, घर विकून भरपाई द्यावी लागेल. दुसऱ्या दिवशी वायर परत लावली. आता ती गाडी २३ ने चालते आणि सायकलवाले पुढे जातात.

पेट्रोलपंप · मंगळवार, सकाळी ७:१५

सायकल घ्या मग. तिलाही आरटीओ नाही.

हिरवीपाटी · मंगळवार, सकाळी ८:०२

आयडीवरून कळलं असेलच. हिरव्या पाटीचं मी सांगते.

ऑगस्ट २०१८ च्या अधिसूचनेपासून विजेच्या गाडीला हिरवी पाटी आहे. खासगी असेल तर पांढरी अक्षरं, भाड्याची असेल तर पिवळी. मागावी लागत नाही. पण येते ती तपासून घ्यावी लागते! आमच्या मोटारीला डीलरने चक्क पांढरी पाटी बसवून दिली. मी गाडी घेताना पेढे, हार, फोटो यात गुंग. रात्री फोटो ग्रुपवर टाकल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, पेट्रोलची घेतलीस का?" डीलर म्हणाला पाटी बनवणाऱ्याची चूक, पाटी बनवणारा म्हणाला डीलरने ऑर्डर तशीच दिली. अठरा दिवस गेले बदलून मिळायला.

आणि पाटीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आरसीवरचा इंधनाचा रकाना. तिथे इलेक्ट्रिक (बीओव्ही, म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी) किंवा प्युअर ईव्ही असं हवं. पाटी दोन स्क्रूंवर बदलते, हा रकाना चुकला तर आरटीओच्या खेपा ठरलेल्या. सवलती सगळ्या त्या रकान्यावर चालतात.

कागदीघोडा · मंगळवार, सकाळी १०:४५

हिरवीपाटी यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. आरसी छापून यायच्या आधी, डीलर अर्ज चढवत असतानाच पडद्याचा फोटो मागा. इंधन, चॅसी क्रमांक आणि मोटर क्रमांक बघा (इंजिन क्रमांकाच्या जागी विजेच्या गाडीत मोटरचा क्रमांक येतो). हेच दोन्ही क्रमांक विम्याच्या पॉलिसीवर जसेच्या तसे हवेत. शून्याचा ओ आणि एकाचा आय करून ठेवलेली कागदपत्रं मी आयुष्यभर पाहिली आहेत. नावही आधारवर आहे तसंच. बाबांचं नाव एका कागदावर "विठ्ठल" आणि दुसऱ्यावर "विठठल" असेल तर आत्ताच काय ते करा.

विम्याचं एक ओघात सांगतो. विजेच्या गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट आहे, जून २०२२ पासून. तिथे सीसी नसतात, किलोवॅट असतात: दुचाकी ३ किलोवॅटपर्यंत एक दर, ७ पर्यंत दुसरा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला सक्तीचाच आहे. म्हणून कोटेशनमधली विम्याची ओळही डोळे मिटून मान्य करू नका, बाहेर भाव काढून बघा. विमा शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती नाही.

पीयूसी लागत नाही. धूरच नाही तर तपासणार काय. तरी कोणी अडवून मागितली तर हिरव्या पाटीकडे शांतपणे बोट दाखवायचं.

आता एमएच ११. कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे गाडी नोंदवता येते. तेव्हा "पुण्यात घेतली की एमएच १२ च" हे कायद्याचं म्हणणं नाही, शोरूमच्या सोयीचं म्हणणं आहे. त्यांचं रोजचं काम आपल्या आरटीओत चालतं, दुसरीकडची नोंदणी म्हणजे त्यांना तात्पुरत्या नोंदणीचा एक फेरा वाढतो. बाबांचा पत्ता साताऱ्याचा आहे, गाडी तिथेच राहणार आहे, मग सरळ साताऱ्यातूनच का घेत नाही? त्याच कंपनीचा विक्रेता तिथे असेल तर खंबाटकीचं संकटही टळेल.

दवबिंदू_बंगळूर · मंगळवार, दुपारी १:२०

मी बंगळुरूहून पुण्यात परत येतोय, गाडी केए पाटीची विजेची आहे. काका, मला काय काय करावं लागेल? आणि बीएच मालिका (राज्य बदललं तरी तोच क्रमांक चालतो, ती) घ्यावी का? कंपनीची चार राज्यांत ऑफिसं आहेत, त्यामुळे पात्र आहे.

बाकी कर्नाटकाचा अनुभव म्हणजे, मी घेतली तेव्हा विजेच्या गाडीला कर नव्हता. मार्च २०२४ पासून २५ लाखांच्या वरच्या गाडीला तिथे १० टक्के लाइफटाइम टॅक्स लागला. माझ्या साहेबांनी एका महिन्याने बुकिंग पुढे ढकललं होतं "मॉडेल नवीन येतंय" म्हणून. ते मॉडेल त्यांना अडीच लाखांना पडलं, गाडी सोडून.

कागदीघोडा · मंगळवार, दुपारी ३:०५

राज्य बदललं की बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो, कलम ४७. आधी बंगळुरूच्या आरटीओकडून ना हरकत, नमुना २८. कर्ज असेल तर बँकेचीही ना हरकत. मग पुण्यात नमुना २७ भरून नव्या क्रमांकाचा अर्ज. वर लिहिलेल्या २०२१ च्या अधिसूचनेत ही फी माफीत आहे, तेव्हा तिथे कोणी नोंदणी फी मागितली तर अधिसूचनेची प्रत दाखवा. विमा कंपनीला क्रमांक बदलल्याचं कळवायला विसरू नका, लोक तेच विसरतात.

बीएचबद्दल जरा थांबून विचार करा. बीएच मालिकेत सगळा कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, आणि केंद्राच्या नियमात तो दहा लाखांच्या आत ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १०, त्यावर १२ असा धरला आहे. डिझेलला २ टक्के जास्त, विजेच्या गाडीला २ टक्के कमी. कमी, शून्य नव्हे. महाराष्ट्रात साध्या क्रमांकाला कर माफ असताना बीएचची हौस कशाला? दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलणारा फौजी माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

पेट्रोलपंप · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

आता खरं बोलू? रस्ते कोणाच्या पैशातून होतात? आम्ही पेट्रोलवर लिटरमागे कर भरायचा, गाडी घेताना ११-१२ टक्के भरायचे, आणि तीस लाखांची विजेची गाडी घेणाऱ्याला शून्य? सरकारने २०२५ च्या बजेटमध्ये तीस लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के लावायचं म्हटलं होतं. अधिवेशन संपायच्या आत मागे घेतलं. खड्डे मात्र सगळ्यांसाठी समान.

एडिसनची_आजी · मंगळवार, रात्री ८:१०

पंपभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. इकडे न्यू जर्सीत लेकाने विजेची गाडी घेतली, मी सोबत होते. इथे आरटीओला मोटर व्हेइकल कमिशन म्हणतात. एजन्सीच्या रांगेत अर्धे लोक आपलेच, त्यामुळे वाट पाहताना दोन रेसिपी आणि एक स्थळ पदरात पडतं.

तर १ जुलै २०२४ पासून इथे विजेच्या गाडीला नेहमीच्या नोंदणी फीवर वर्षाला २५० डॉलर जादा. ते दरवर्षी दहा-दहाने वाढत २०२८ ला २९० होणार. नव्या गाडीला चार वर्षांचे एकदम भरायचे. कायदा आला तेव्हा हिशोब केला तर २५०, २६०, २७०, २८० मिळून १,०६० डॉलर! आधी विजेच्या गाडीला विक्रीकर माफ होता, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये निम्मा लावला आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के. कारण तेच, पंपभाऊंनी सांगितलं ते. इथे रस्त्यांचा निधी पेट्रोलवरच्या करातून येतो, आणि ही मंडळी पंपावर जातच नाहीत. टेक्सासात भाचा असतो, तिथे नव्या विजेच्या गाडीला पहिल्या नोंदणीला ४०० डॉलर, मग वर्षाला २००.

तेव्हा रानजाई, तुमच्याकडे माफी आहे तोवर बाबांची गाडी घेऊन टाका. सरकारचं मन आणि साताऱ्याचं ऊन, दुपारपर्यंत बदलतं.

नाशिकचा_भाऊ · मंगळवार, रात्री ८:२२

आजी, स्थळाचं पुढे काय झालं?

एडिसनची_आजी · मंगळवार, रात्री ८:३०

मुलाकडे पेट्रोलची गाडी निघाली. विचार चालू आहे.

हिरवीपाटी · मंगळवार, रात्री ९:१५

पंप, तुमचं तत्त्व मान्य. पण दुचाकीवाल्या बाबांना आणि तीस लाखांच्या गाडीला एकाच तराजूत घालू नका. माफी किमतीप्रमाणे कमी-जास्त असावी, एवढं मलाही पटतं. माझी स्वतःची गाडी तीसच्या खाली आहे हा निव्वळ योगायोग.

रानजाईंना नाही पण मोटार घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून टोलचं लिहिते. नव्या धोरणात विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर टोल माफ आहे. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून सुरुवात झाली. पण टोलनाक्यावरचा कॅमेरा तुमच्या पर्यावरणप्रेमाला ओळखत नाही, फास्टॅगला ओळखतो. नवीन गाडीला टॅग बऱ्याचदा चॅसी क्रमांकावर मिळतो. पाटी आली की आरसी चढवून टॅगवर खरा क्रमांक नोंदवायचा, त्याला ९० दिवसांची मुदत आहे, नाहीतर टॅगच बंद पडतो. मी ते पाचव्या दिवशी केलं, तरी दोनदा पैसे कापले गेले. असं पुष्कळांचं झालं, डिसेंबर २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेतही हा विषय गाजला. पैसे कापल्याचे मेसेज पुसू नका, परताव्याच्या तक्रारीला तेच लागतात.

तिसरी_घंटा · बुधवार, सकाळी ११:००

उपप्रश्न. सेकंडहँड ई-स्कूटर घेतोय मित्राकडून. ट्रान्सफरलाही फी माफ का?

कागदीघोडा · बुधवार, सकाळी ११:४०

नाही. माफीतल्या तीन गोष्टी वर लिहिल्या आहेत, मालकी हस्तांतरण त्यात नाही. नमुना २९ आणि ३०, दोघांच्या सह्या, नेहमीची फी. दुचाकीला ती किरकोळच आहे. मित्राने कर्ज फेडलं असेल पण बोजा उतरवला नसेल तर आधी नमुना ३५ करून घ्या. आणि पैसे देण्याआधी गाडीचा क्रमांक परिवहनच्या ॲपमध्ये टाकून चलन थकलेलं नाही ना ते बघा. मित्र असला तरी बघा. मित्र असेल तर आधी बघा.

अवांतर: नोंदणीचा अर्ज न करणाऱ्या डीलरला कलम १९२ब मध्ये दंड आहे, वार्षिक कराच्या पंधरा पट किंवा लाइफटाइम टॅक्सएवढा, जो जास्त असेल तो. विजेच्या गाडीला कर शून्य. शून्याची पंधरा पट किती, हे गणित घालून मी माझ्या नातवाला छळतो.

रानजाई · शनिवार, रात्री १०:०५

अपडेट!

गुरुवारी शोरूममध्ये गेले. काकांनी सांगितल्याप्रमाणे आवाज न चढवता फोड मागितली. पहिल्यांदा "सिस्टीममध्ये एकत्रच येतं" असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, मग कागदावर पेनाने लिहून द्या, मी थांबते. आणि खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटांनी मॅनेजर आले, हातात कागद: हॅन्डलिंग ३,०००, फाइल चार्जेस १,६००, ॲक्सेसरी फिटिंग १,०००, नंबर प्लेट ९००, स्मार्ट कार्ड व टपाल ३००. बेरीज बरोबर ६,८००, त्यात चूक नाही हं.

हॅन्डलिंग आणि फाइल यात फरक काय विचारलं. मॅनेजर म्हणाले, "फाइल हँडल करायला लागते ना मॅडम." स्वतःच हसले आणि दोन्ही खोडले. पाटीच्या नऊशेवर मात्र अडले. मी म्हटलं ठीक आहे, देते, पण "नंबर प्लेट ९००" अशी वेगळी जीएसटी पावती द्या, सही-शिक्क्याची. मॅनेजर आत गेले, कोणाशी तरी फोनवर बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "राहू द्या, आमच्याकडून ॲडजस्ट करतो." पावती या शब्दात एवढी ताकद असते हे मला चाळिशीत कळलं. ॲक्सेसरीचे हजार दिले, कारण मॅट आणि साइड गार्ड खरोखरच लावून हवे होते. एकूण १,३००.

एमएच ११ चं म्हणाल तर त्यांचीच साताऱ्यात शाखा निघाली! हे पहिल्या दिवशी कोणी का सांगितलं नाही, देव जाणे. बिल तिकडून निघालं, अर्ज तिकडून चढला. पडद्याचा फोटो मागवला होता, त्यात बाबांचं मधलं नाव चुकलेलं सापडलं, तिथेच दुरुस्त झालं. हिरवीपाटी, तुमचे विशेष आभार. मी इंधनाचा रकाना तीनदा वाचला. केंद्राच्या अनुदानासाठी आधारवर चेहरा दाखवून व्हाउचर काढावं लागलं. बाबांनी त्या सेल्फीसाठी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला. तिसऱ्या प्रयत्नात यंत्राने त्यांना ओळखलं. चष्मा काढल्यावर.

पाटी आठवड्यात येईल म्हणालेत, तोवर गाडी शोरूममध्येच ठेवलीय. बाबा रोज संध्याकाळी तिला बघून येतात.

पेट्रोलपंप · शनिवार, रात्री १०:२०

५,५०० वाचवलेत. त्यात माझी बुलेट महिनाभर पळेल. अभिनंदन, मनापासून.

कागदीघोडा · रविवार, सकाळी ६:५०

छान. आरसी टपालाने येईल, घरी कोणी नसेल तर पाकीट परत जातं. पोस्टमनला फोन नंबर देऊन ठेवा. तोवर डिजिलॉकरमधली आरसी चालते.

रानजाई · पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

पाटी लागली. हिरवी, पांढरी अक्षरं, एमएच ११. बाबा गाडी घेऊन राजवाड्यावर दोन चकरा मारून आले, भाजी न आणता. आता आईचं म्हणणं असं की क्रमांकाची बेरीज आठ येते, बदलून घ्या. पसंती क्रमांकाची फी माफ नाही, ही काकांची ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणते, काकांना विचार, लिंबू-मिरचीला तरी परवानगी लागते का.